कामावर जखम झाली तर पहिला कागद जपा

आरोग्याच्या पानावर कायद्याची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण वस्तीतला जखमी माणूस आधी दवाखान्यात पोचतो, आणि त्याच्या भरपाईचे बरे-वाईट पुष्कळदा तिथेच ठरते. सोबत आलेला मुकादम डॉक्टरांना सांगतो, ‘घरी जिन्यावरून पडला.’ केसपेपरवर तेच लिहिले जाते. हाड जुळते, पण त्या दोन शब्दांमुळे पुढची दोन वर्षे हेलपाट्यात जातात. म्हणून या वेळी आपण दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेऊ : जखमेचा उपचार आणि जखमेची भरपाई.

कामोठ्यातून रोज सकाळी आपली माणसे कामाला बाहेर पडतात. कोणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, कोणी तळोजा एमआयडीसीत, कोणी उरणकडच्या कंटेनर यार्डात, कोणी नव्या इमारतींच्या स्लॅबवर. आपल्या भगिनी हाउसकीपिंगला, पॅकिंगला, सफाईला जातात. यातले बहुतेक काम ठेकेदारामार्फत. हातात नेमणूक पत्र नाही, पगाराची पावती नाही. अशा माणसाला वाटते, ‘आपण कायम नाही, आपल्याला काय मिळणार?’ हा समज चुकीचा आहे, आणि या समजाचाच फायदा घेतला जातो.

हा हक्क कुणाच्या दयेचा नाही

२३ सप्टेंबर १८८४ रोजी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरली. पुढाकार होता सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी काही मागण्या पुढे आल्या. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आपल्याला माहीत असते. त्याच यादीत आणखी एक मागणी होती : काम करताना जबर जखम झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. जोतीराव फुल्यांच्या विचारांत वाढलेल्या माणसांनी मागितलेली ही गोष्ट कायद्यात यायला जवळपास चाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

पुढे जुलै १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. आडारकर यांच्याकडे दिले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपले ‘ईएसआय’, उभा राहिला. राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाच्या न्याय्य आणि माणुसकीच्या परिस्थितीची जबाबदारी राज्यावर टाकली आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. त्याआधीच्या अपघाताला जुना कायदा लागतो, नंतरच्या अपघाताला संहिता. भरपाईचे मूळ गणित दोन्हीकडे सारखेच आहे. ज्यांना आपण ‘आयुक्त’ म्हणतो त्यांना संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ म्हटले आहे, एवढा नावाचा फरक लक्षात ठेवावा. या लेखात आम्ही ओळखीचा ‘आयुक्त’ हाच शब्द वापरला आहे.

आधी जीव, मग कागद

अपघात झाल्यावर पहिले काम उपचाराचे. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. उंचावरून पडलेल्या माणसाला हातापायाला धरून उचलू नका. मानेला किंवा मणक्याला मार असेल तर त्याने नुकसान वाढते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्या. हळद, चहापूड, माती काहीही भरू नका. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुटलेले बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तर बोट पुन्हा जोडले जाण्याची आशा असते.

मुकादम जवळच्या छोट्या दवाखान्यात नेऊन पट्टी बांधून घरी पाठवू पाहतो. जखम मोठी असेल तर पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या रुग्णालयातच जा.

डॉक्टरांना काय सांगायचे

डॉक्टर विचारतात, ‘काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर जखमी माणसाने किंवा घरच्यांनी स्वतः द्यावे, ठेकेदाराच्या माणसावर सोपवू नये. उत्तरात चार गोष्टी हव्यात : कुठे लागले, किती वाजता लागले, कोणते काम करताना लागले, कशामुळे लागले. उदाहरणार्थ : ‘आज सकाळी अकराच्या सुमारास, अमुक साइटवर, तिसऱ्या मजल्यावर सेंट्रिंगच्या फळ्या काढताना पडलो.’ हेच केसपेपरवर लिहायची विनंती करा. लिहून झाल्यावर वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला वाचायला सांगा. चुकीचे लिहिले असेल तर त्याच वेळी सांगून दुरुस्त करून घ्या. कामावरच्या अपघाताची रुग्णालयात ‘एमएलसी’ नोंद होते आणि पोलिसांना कळवले जाते. त्या नोंदीचा नंबर लिहून घ्या.

मग हे कागद एका पिशवीत जपा : केसपेपर, एक्स-रे आणि त्याचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती, रिक्षा-रुग्णवाहिकेची पावती. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यायचा असतो. पावती नसेल तर तो खर्च सिद्ध करता येत नाही. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.

मालकाला लेखी कळवा

जमेल तितक्या लवकर मालकाला आणि ठेकेदाराला लेखी कळवायचे. साध्या कागदावर नाव, पत्ता, अपघाताची तारीख, वेळ, जागा, कारण आणि जखम लिहा. एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. व्हॉट्सअॅपवरही फोटो पाठवून ठेवा. सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावे आणि फोन नंबर लिहून घ्या. साइट बदलली की ही माणसे पांगतात.

त्या साइटवर काम करत होतो हे दाखवायला गेट पास, हजेरीच्या वहीचा फोटो, ठेकेदाराने मोबाइलवर पाठवलेले पैसे, कामाचे मेसेज, साइटवर काढलेले फोटो, हे सगळे उपयोगी पडते. नेमणूक पत्र नसले तरी दावा उभा राहतो.

मालकाने आपल्या डॉक्टरकडून मोफत तपासणी करून घ्यायला सांगितले तर नकार देऊ नये. तपासणीला नकार दिला तर भरपाई अडू शकते. तिथेही डॉक्टरांना खरे आणि पूर्ण सांगा, पण कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

ईएसआय असेल तर

दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय लागू होते. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के हप्ता जातो. पगाराच्या पावतीवर ही कपात दिसते का, ते आजच पाहा.

कामावरच्या जखमेसाठी ‘इतके महिने हप्ता भरलेला हवा’ अशी अट नाही, कामाच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे. काम करता येत नाही तोपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात. कायमचे अपंगत्व आले तर वैद्यकीय मंडळ टक्का ठरवते आणि त्याप्रमाणे दरमहा रक्कम चालू राहते. मृत्यू झाला तर पत्नी-मुलांना दरमहा रक्कम मिळते. मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआय कार्यालयात पाठवायचा असतो. तो गेला की नाही, हे आपण विचारत राहायचे.

हप्ता कापला पण भरला नाही, किंवा नावच नोंदवले नाही, हा कामगाराचा दोष नव्हे. १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर किंवा जवळच्या शाखा कार्यालयात तक्रार करा. एक लक्षात असू द्या : ईएसआयमधून लाभ मिळत असेल तर त्याच जखमेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

ईएसआय नसेल तर हिशेब असा

बांधकाम, माल चढवणे-उतरवणे, वाहन चालवणे, यंत्रावरचे काम अशा कामांची कायद्यात यादी आहे. अशा कामावर मालकाकडे एकच माणूस असला तरी भरपाईची जबाबदारी मालकाची. भरपाईत तीन गोष्टी धरतात : महिन्याचा पगार, अपघाताच्या वेळचे वय, आणि कमाईची ताकद किती टक्के गेली. पगार जास्त असला तरी हिशेबाला १५,००० रुपयेच धरण्याची मर्यादा २०२० पासून आहे. सरकार असे आकडे अधिसूचनेने बदलते, म्हणून अर्ज करताना त्या वेळचा आकडा विचारून घ्यावा. प्रत्येक वयाला एक गुणांक दिला आहे : २५ व्या वर्षी २१६.९१, ३५ व्या वर्षी १९७.०६, ४५ व्या वर्षी १६९.४४, ५५ व्या वर्षी १३५.५६.

पगार १५,००० आणि वय ३५ असे धरून पाहू.

• तात्पुरते अपंगत्व : पगाराच्या २५ टक्के, दर पंधरवड्याला. म्हणजे ३,७५० रुपये पंधरवड्याला, महिन्याला ७,५००. असे जास्तीत जास्त पाच वर्षे. पहिल्या तीन दिवसांचे पैसे मिळत नाहीत, पण काम २८ दिवस किंवा अधिक बंद राहिले तर पहिल्या दिवसापासून मिळतात.

• कायमचे पूर्ण अपंगत्व : पगाराचे ६० टक्के गुणिले गुणांक. ९,००० × १९७.०६ = १७,७३,५४० रुपये.

• कायमचे अंशतः अपंगत्व : वरच्या रकमेचा ठरलेला टक्का. यादीप्रमाणे पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के. म्हणजे अंगठा गेलेल्या या कामगाराची भरपाई ५,३२,०६२ रुपये.

• मृत्यू : पगाराचे ५० टक्के गुणिले गुणांक. ७,५०० × १९७.०६ = १४,७७,९५० रुपये. अंत्यविधीचा खर्च वेगळा.

हे आकडे घरात मोठ्याने वाचून दाखवा. अंगठा गेलेल्याला ‘हे घे वीस हजार आणि गावी जा’ असे कुणी म्हटले, तर तो किती कमी देतो आहे ते कळेल.

टक्का नुसत्या जखमेचा नसतो

१९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. कामावर पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. मालकाचे म्हणणे, यादीप्रमाणे अंशतः अपंगत्व धरा. न्यायालयाने म्हटले, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व आहे, शंभर टक्के. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात ठरले.

यातून आपण काय घ्यायचे? डॉक्टरांकडून दाखला घेताना आपण कोणते काम करतो ते नीट सांगायचे. गवंड्याला थापी धरता येते का? हमालाला पन्नास किलोचे पोते पाठीवर घेता येते का? सफाई करणाऱ्या ताईला वाकता येते का? दाखल्यात हे यायला हवे. सरकारी अपंगत्व दाखल्यावरचा टक्का आणि कमाईची ताकद गेल्याचा टक्का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि बरे वाटण्याआधी घाईने कामावर जाऊ नका. जखम चिघळते, आणि ‘हा तर कामावर आला’ म्हणून पैसेही थांबतात.

ठेकेदार काय म्हणतो आणि कायदा काय म्हणतो

‘तू कंपनीचा नाहीस, माझा आहेस, आणि माझ्याकडे पैसे नाहीत.’ काम मूळ कंपनीच्या धंद्याचा भाग असेल आणि अपघात तिच्या जागेत झाला असेल, तर कामगार थेट कंपनीकडे भरपाई मागू शकतो. कंपनीने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

‘चूक तुझीच होती.’ कामाच्या ओघात झालेल्या साध्या चुकीने भरपाई जात नाही. दारूच्या नशेत असणे, सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणे किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकणे, एवढीच कारणे मालकाला सांगता येतात. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाहीत.

‘तू बाँड पेपरवर सही करून दिली आहेस.’ भरपाईचा हक्क सोडल्याचा कुठलाही करार कायद्यात टिकत नाही.

‘कामावर येताना रस्त्यात लागले, आमचा संबंध नाही.’ इथे मराठवाड्यातले एक प्रकरण लक्षात ठेवावे. साखर कारखान्याचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला होता. कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात त्याचा मृत्यू झाला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कुटुंब हटले नाही. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा मंजूर केली : कामाची वेळ, जागा आणि प्रवास यांचा संबंध दिसत असेल तर वाटेतला अपघातही कामाचाच. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. त्या घराने बावीस वर्षे कागद जपले, म्हणून हा निकाल आज आपल्या कामी येतो.

घरचा कर्ता माणूस गेला तर

मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडे जमा करायची असते. विधवेच्या हातात गुपचूप दिलेली रक्कम कायदा भरपाई मानत नाही. आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगाराइतके पैसे मालक देऊ शकतो, तेवढेच वजा होतात. म्हणून पैसे घेताना ‘सर्व हिशेब मिटला’ अशा कागदावर सही करू नये. पत्नी, अज्ञान मुले, अविवाहित मुली आणि विधवा आई यांना आपण अवलंबून होतो हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. पण नाते सिद्ध करावे लागते. विहारात बौद्ध पद्धतीने लग्न लावून नोंदणी राहून गेली असेल, तर ती पालिकेत आताच करून ठेवा.

शवविच्छेदनाला नकार देऊ नका. मृत्यूचे कारण सांगणारा तोच पुरावा असतो.

अर्ज कुठे आणि कधी

अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत आयुक्तांकडे अर्ज करायचा. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. अर्ज अपघाताच्या ठिकाणी, मालकाच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या ठिकाणी किंवा आपण राहतो त्या ठिकाणीही करता येतो. म्हणजे अपघातानंतर कुटुंब गावी परतले असेल तर तिथूनही. मालकाने महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागते, आणि योग्य कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला सोबत न्या. पनवेलच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, जिल्ह्याचे प्राधिकरण अलिबागला आहे. देशभरचा मोफत क्रमांक १५१००.

दोन वेगळे हक्क

बांधकाम कामगारांनी राज्याच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. वर्षात ९० दिवस काम केलेला, १८ ते ६० वयाचा कामगार पात्र आहे. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख रुपयांची मदत आहे. ही मालकाच्या भरपाईपेक्षा वेगळी.

सुरक्षेच्या साधनांशिवाय सफाईसाठी गटार किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही कोणी उतरवले आणि जीव गेला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाप्रमाणे कुटुंबाला ३० लाख, कायमचे अपंगत्व आले तर २० लाख आणि इतर अपंगत्वाला किमान १० लाख रुपये द्यायचे आहेत. पण आमचे पहिले सांगणे हेच, की कुणी कितीही पैसे दिले तरी टाकीत उतरू नका.

या रविवारी घरात एवढे करा

१. कामावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या मालकाचे, ठेकेदाराचे आणि साइटचे नाव-पत्ता वहीत लिहा.
२. ईएसआय क्रमांक आहे का ते पाहा, असेल तर तो लिहून ठेवा.
३. पगार बँकेत किंवा मोबाइलवर घ्या, नोंद राहते.
४. आधार, जातीचा दाखला, लग्नाची नोंद आणि मुलांचे जन्मदाखले एका पिशवीत ठेवा, ती कुठे आहे ते घरातल्या बाईमाणसालाही माहीत असू द्या.
५. विहारात वंदनेनंतर हा लेख वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याच हाताला जास्त धोका असतो.

जयभीम!